ऐरण बसवायची कुठे

ऐरण हातगाडीवर चढवायला चौघं लागले, उतरवायला मात्र तिघंच उरले. चौथा वाटेत चहाला म्हणून थांबला तो गायबच झाला. लोहारणीने त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली, बाह्या वर सारल्या आणि त्याच्या जागी स्वतः हात घातला.

"उचला! बघताय काय नुसते? ती काय स्वतःच्या पायांनी उतरणार आहे?"

उतरली एकदाची. नव्या घराच्या मागच्या पडवीत लोहाराने आदल्या दिवशीच खड्डा करून लाकडाचा ओंडका पुरून ठेवला होता. त्यावर ऐरण बसली. लोहाराने चारी बाजूंनी ढकलून बघितली, हलेना. त्याच्या तोंडावर हसू आलं, आणि तो माणूस वर्षातून मोजून काही वेळाच हसायचा.

म्हातारी सासू आधीच भात्याजवळ जागा धरून बसली होती. जन्मभर ऐरणीशेजारी बसून तिचे दोन्ही कान गेले होते. डोळे मात्र असे, की उडत्या माशीचा पाय मोडलेला दिसावा.

"घाल गं पहिला घाव!" सासू ओरडली. स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे ती प्यायला पाणी मागायची तेही चार घरांत ऐकू जायचं.

पहिला घाव सुनेनेच घालायचा, कारण या घरात घण बाईच्या हातात असे. लोहार सांडशीत तापलेलं लोखंड धरायचा, लहान हातोडीने कुठे मारायचं ते दाखवायचा आणि लोहारीण तिथे घण घालायची. लग्न झाल्यापासून हेच. तिचे खांदे नवऱ्यापेक्षा रुंद होते. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. वाईट शिंप्याला वाटायचं, कापड जास्त लागतं म्हणून.

सासूचा एक नियम होता, तिला तिच्या सासूकडून मिळालेला. जागा आपली झाल्याशिवाय तिथे घाव घालायचा नाही. परक्या जागेत लोखंड ठोकलं की ती जागा कधी आपली होत नाही, असं म्हातारीचं ठाम म्हणणं. म्हणून हे घर बघायला तीन-चार खेपा घालूनही त्यांनी इथे साधा खिळासुद्धा ठोकला नव्हता. ठोकला असता, तर पुढचं सगळं महाभारत टळलं असतं.

जुनी भाड्याची लोहारशाळा मालकाने गोदामाला दिली होती. मग हे घर नजरेस आलं. घर कंपाउंडरसाहेबांचं. गावच्या दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधता बांधता माणूस निवृत्त झाला, पण साहेब म्हणायची गावाची सवय गेली नाही. दवाखान्याच्या मागच्या अंगाला घर, जाड भिंती, ऐसपैस पडवी, दारात विहीर. लोहारणीने तेव्हा विचारलं होतं, "साहेब, आमचा धंदा तुम्हाला ठाऊकच आहे. इथे काही अडचण नाही ना?"

"अडचण कसली? या भिंती बघा," म्हणत साहेबांनी भिंतीवर थाप मारली होती. शेजारच्या मोकळ्या जागेत एक सिमेंटचा ओटा होता, त्यातून अंगठ्याएवढे जाड बोल्ट वर आलेले. हे काय, म्हणून तिने विचारलं, तर साहेब म्हणाले, पाण्याच्या टाकीचा ओटा. टाकीला एवढे बोल्ट? तिच्या मनात आलं होतं. पण तेवढ्यात लोहार छपराचे वासे चाचपायला लागला आणि बोलणं तिकडे वळलं. गाठीला होतं नव्हतं ते सगळं त्यांनी या घरात घातलं.

आता जागा त्यांची झाली होती. लोहारणीने घण डोक्यावर नेला आणि घातला. ठण्ण! पडवीतली चिमणी उडाली. सासूला ऐकू आलं नाही, पण जमिनीतून तिच्या मांडीला ते कळलं, आणि तिने मान डोलावली.

सुगी तोंडावर आली होती. अशा दिवसांत लोहाराला मरायलाही फुरसत नसते. कुणाच्या विळ्याची धार गेलेली, कुणाच्या विळ्याला दातच राहिलेले नाहीत, कुणाची मूठ निसटते. पडवीत विळ्यांचा ढीग पडला. सकाळी उजाडलं की सासू भात्याची दोरी ओढायला लागायची, निखारे लाल व्हायचे आणि घणाचा ताल सुरू व्हायचा. दुपारपर्यंत लोहारणीच्या मनगटात कळा यायच्या, संध्याकाळी भाकरी मोडताना बोटं मिटत नसत. पण स्वतःच्या छपराखाली दुखणारा हातही वेगळाच दुखतो. ती खुशीत होती.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी कुंपणापाशी एक बाई येऊन उभी राहिली. केस विस्कटलेले, डोळे जागरणाने सुजलेले. लोहारणीला वाटलं, विळा घेऊन आली असेल. हात तर रिकामे होते.

"ताई, थोडं हळू मारता येईल का हो?"

"हळू?" लोहारीण हसली. "बाई, हे लोखंड आहे. गोंजारून वाकत नाही."

"तसं नाही. माझा मुलगा दवाखान्यात आहे. चांगला तरणाताठा आहे हो, पण मोठा आवाज झाला की त्याला झटका येतो. अंग ताठ होतं, दातखीळ बसते." बाईने दवाखान्याच्या मागच्या खिडकीकडे बोट केलं. खिडकी हाकेच्या अंतरावर होती. "तुमचा घण पडला की तो पलंगावर उडतो. मी त्याचे कान दाबून धरते. काल दिवसभर धरले. तुमचं पोट आहे यावर, मला कळतं. भांडायला नाही आले मी."

भांडायला आली असती तर बरं झालं असतं. लोहारीण भांडणात कुणाला हार गेली नव्हती. पण ही हात जोडून उभी होती. लोहाराने सांडशीत धरलेला विळा लालाचा तांबूस झाला, तांबूसचा काळा पडला, तरी घण उचलला गेला नाही.

"का थांबलीस गं?" सासू ओरडली.

"दवाखान्यात त्रास होतोय, आई!" लोहारीण तिच्या कानाशी ओरडली, आणि आपल्याच आवाजाने दचकून खिडकीकडे बघू लागली.

दुसऱ्या दिवशी गावच्या कचेरीतला कारकून सायकलवरून आला. त्याच्या येण्याची गरजच नव्हती, भट्टी विझलेलीच होती. पण आलाय म्हटल्यावर त्याने सांगितलं. दवाखान्याच्या भोवतीची सगळी घरं शांत वस्तीत धरलेली आहेत. राहायला कुणाची ना नाही. पण घण, चक्की, करवत, आवाजाचा कुठलाही धंदा चालायचा नाही. पुन्हा सुरू केलंत तर कचेरीचे लोक सामान उचलून नेतील.

"हे कधी ठरलं?" लोहाराने विचारलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"जुनी गोष्ट आहे. हा शेजारचा ओटा दिसतोय ना? इथे पिठाची चक्की होती. ती याच नियमाने उठली." कारकून सायकलवर टांग टाकता टाकता थांबला. "आणि चक्की उठवायला कचेरीच्या पायऱ्या कुणी झिजवल्या, ठाऊक आहे का? तुमच्याच कंपाउंडरसाहेबांनी. रोज यायचे. पेशंटांना त्रास होतो म्हणून आमचं डोकं खाल्लं त्यांनी."

लोहारीण ओट्याकडे बघत राहिली. जन्म लोखंडात गेला, आणि एवढाले बोल्ट डोळ्यांसमोर असून आपण टाकीवर विश्वास ठेवला! तिला स्वतःचाच इतका राग आला, की रिकाम्या हाताने तिने कपाळावर मारून घेतलं.

नियमावर तिचा राग नव्हता. त्या खिडकीकडे बघितल्यावर नियमावर कोण रागावेल? माणूस आजारी पडला की त्याला शांतता हवीच. पण नियम ठाऊक असलेला माणूस तोंड शिवून बसला, आणि आपलं होतं नव्हतं ते खिशात घालून बाजारगल्लीत राहायला गेला. तिला झोंबलं ते हे.

कंपाउंडरसाहेब नव्या घराच्या ओसरीत पेपर वाचत होते. त्यांची बायको दारात बसून सुजलेल्या गुडघ्यांना तेल चोळत होती. लोहार आणि लोहारीण आलेले बघताच साहेबांनी पेपर आणखी वर धरला.

"साहेब, तिथे घण चालत नाही म्हणतात."

"असं का? अरेरे. नियम रोज बदलतात हो."

"हा बदललेला नाही. हा तुम्हीच करून घेतलाय. चक्की उठवलीत तेव्हा."

पेपर खाली आला. साहेबांनी बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, "आत जरा चहा टाक." बाई भिंतीला धरून उठली, कण्हत आत गेली. मग साहेब म्हणाले, "हे बघा, मी घर विकलं. तुमचा धंदा थोडाच विकला? तुम्ही स्पष्ट विचारायला हवं होतं."

"विचारलं होतं. अडचण नाही ना, म्हणून."

"मग मी भिंतींचं सांगितलं. भिंतींत काही खोट आहे का? नाही ना?"

लोहाराने बायकोच्या कोपराला हात लावला. चल, असा त्याचा अर्थ. तो भांडणाला घाबरणारा माणूस. ऐरणीवर सिंह आणि कचेरीत ससा. पण साहेबांचं अजून संपलं नव्हतं. त्यांनी आवाज बारीक केला.

"एक मार्ग सांगतो. तो पत्र्याचे डबे बनवणारा आहे ना, तो जागा शोधतोय. त्याला पाठवतो तुमच्याकडे. तुम्ही फक्त बाकीचं बोलू नका. तुमचे पैसे मोकळे, माझी कटकट गेली."

"आणि त्याने पत्रा ठोकायला घेतला म्हणजे?"

"तेव्हाचं तेव्हा. तो बघेल की त्याचं."

आतून चहाच्या कपांचा आवाज आला. लोहारीण चहाला थांबली नाही.

डबेवाला खरोखरच आला. गुटगुटीत, बोलका माणूस. त्याने पडवी पाहिली, विहीर पाहिली आणि टाचेने जमीन दाबून बघितली; लोहारानेही अशीच दाबून बघितली होती. "इथे कात्री बसेल, इथे पत्रे उभे राहतील. बायकोला अंगण आवडेल. झकास आहे हो!" मग त्याने विचारलं, "बाकी काही अडचण नाही ना?"

तेच शब्द. लोहारणीने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छपराचे वासे बघत होता.

"आहे," ती म्हणाली. "इथे ठोकाठोकी चालत नाही. दवाखाना आहे मागे. आम्हालाही ठाऊक नव्हतं. आमची भट्टी विझलीय, बघा हवं तर हात लावून."

डबेवाल्याचा चेहरा पडला. त्याने भट्टीतल्या थंड राखेकडे पाहिलं. "बरं झालं सांगितलंत, वहिनी," म्हणाला, आणि पायात चप्पल घालून निघून गेला.

तो वळणापलीकडे जाईपर्यंत लोहार बघत राहिला. मग त्याने सांडशी जमिनीवर आपटली. "सत्यवादी हरिश्चंद्राची बहीण! घरात काय खायचं ते विचारलंस का आधी? एक शब्द गिळला असतास तर सुटलो असतो!"

"आणि उद्या त्याची बायको कुणाच्या दारात येऊन उभी राहिली असती? माझ्याच ना? मग मीही पेपर वर धरायचा होता का?"

"कंपाउंडरला जमलं ते आपल्याला का जमू नये?"

"मला नाही जमत. मला झोप येणार नाही. तुम्हाला येते तशी मला येत नाही."

"काय म्हणतोय तो?" सासू ओरडली.

"काही नाही, आई! उपाशी मरू म्हणतात!"

"मरतोय कशाला? अजून जुने दात शाबूत आहेत!" म्हातारी म्हणाली, आणि तोंडात एकही दात नसताना खदखदून हसली. नवराबायकोला मात्र हसू आलं नाही. त्या दिवशी दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. विळ्यांचा ढीग तसाच पडून होता आणि लोक येऊन विचारून जात होते, कधी मिळेल, पीक उभं आहे, कधी मिळेल.

सकाळी लोहारीण एकटीच कचेरीत गेली. एकदा ठेच लागली होती, आता ती आधी विचारणार होती.

"बाजारगल्लीत रस्त्याच्या कडेला बसून ठोकलं तर चालतं का?"

कारकुनाने भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. "दिवसा चालतं. तो बाजाराचा भाग आहे. फक्त रस्ता अडवू नका."

"कंपाउंडरसाहेबांच्या दारासमोर?"

कारकुनाने नाकावरचा चष्मा वर केला, तिच्याकडे बघितलं, आणि त्याला हसू आवरेना. "चालतं," तो म्हणाला.

पुन्हा हातगाडी, पुन्हा ऐरण. या वेळी तो चौथाही आला, खाली मान घालून. लोहार मात्र पाय रोवून उभा राहिला होता. "लोकांच्या दारात बसून ठोकायचं? आपण काय भटके आहोत?"

"विळे द्यायचेत की नाही? मग कुठे ठोकायचे ते सांगा. तुम्ही सांगाल तिथे ऐरण नेते."

त्याने विळ्यांच्या ढिगाकडे पाहिलं. तो सांडशी घेऊन निघाला. सासूनेही कुरकुर केली, परक्याच्या दारात घाव घालायचा नाही म्हणून. सुनेने तिच्या कानात ओरडून सांगितलं, "रस्ता कुणाच्या बापाचा नाही, आई!" म्हातारीने विचार केला आणि ते तिला पटलं.

कंपाउंडरसाहेब सकाळी दात घासत ओसरीत आले, तर समोर रस्त्याच्या पलीकडे निखारे फुलले होते. ठण्ण! साहेबांच्या तोंडातला फेस तसाच राहिला.

"हे काय चाललंय?"

"विळे, साहेब. सुगी आलीय."

"माझ्या दारात?"

"तुमचं दार अलीकडे. आम्ही पलीकडे. विचारून आलोय कचेरीत."

छप्पर नव्हतं. वरून ऊन, समोरून भट्टी. लोहारणीच्या पाठीवर घामाचं मीठ पांढरं उमटायचं. लोहाराने डोक्याला ओलं फडकं गुंडाळलं होतं, ते घटकेत वाळायचं. ट्रकची धूळ निखाऱ्यांवर बसायची. पहिल्याच दिवशी एका परगावच्या माणसाने विचारलं, "फिरते लोहार का तुम्ही? अजून किती दिवस आहात इथे?" लोहाराने मान खाली घातली. लोहारीण ताडकन म्हणाली, "घर आहे आम्हाला. विहिरीसकट." पण पुढचे दोन-तीन घाव तिचे चुकले. घर आहे, पण त्यात हात चालवता येत नाही, हे तिने सांगितलं नव्हतं.

गावचे लोक विळे न्यायला तिथेच येऊ लागले. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "इथे कुठे बसलात? नवं घर घेतलंत ना?" आणि लोहारीण सांगायची. काही वाढवून नाही, मीठमसाला नाही. घर घेतलं, तिथे घण चालत नाही, चक्की उठवली तेव्हापासून साहेबांना ठाऊक होतं, त्यांनी सांगितलं नाही. एवढंच. मग सासू ओरडायची, "काय विचारतोय?" आणि सुनेला तेच सगळं तिच्या कानात पुन्हा ओरडून सांगावं लागायचं. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुणाला पुन्हा विचारायची गरज उरायची नाही.

साहेबांनी खिडक्या लावून घेतल्या. बाजाराला मागच्या दाराने जाऊ लागले. एकदा मागच्या दाराशी न्हावी भेटला आणि त्याने सहज विचारलं, "साहेब, त्या चक्कीचं खरं का हो?" तेव्हापासून त्यांची दाढी वाढू लागली.

एका दुपारी समोरचं दार उघडलं आणि साहेबांची बायको भिंतीला, मग दाराला, मग हवेला धरत रस्ता ओलांडून आली. हातात पाण्याचा तांब्या. म्हातारीला आधी दिलं, मग लोहाराला, मग लोहारणीला.

"खिडक्या लावल्या तरी ऐकू येतं," ती म्हणाली. "खरं आहे का सगळं?"

"तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"मला ते नेहमी चहा टाकायला आत पाठवतात." बाईने आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. "यांच्यासाठीच विकलं हो घर. तिथून बाजार लांब, मला चालवत नाही. माझ्या गुडघ्यांपायी तुम्ही उन्हात बसलात."

"तुमच्या गुडघ्यांचा काय दोष, ताई? गुडघे कुठे बोलतात? बोलायचं त्यांनी होतं."

बाई रिकामा तांब्या घेऊन परत गेली. थोड्या वेळाने समोरच्या घरातून आवाज ऐकू आला. साहेबांचा नव्हता, बाईचा होता, आणि बराच वेळ चालला. लोहाराने घणाची वाट बघत सांडशी धरून ठेवली होती. "मार की," तो म्हणाला. "थांबा हो," लोहारीण म्हणाली, "ऐकू द्या." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा नवरा तिच्याकडे बघून हसला.

दुसऱ्या दिवशी साहेब रस्ता ओलांडून आले. खुरटी पांढरी दाढी, सदऱ्याची बटणं वरखाली. एका उलट्या ठेवलेल्या टोपलीवर बसले.

"आधी दोघं आले होते घर बघायला," ते म्हणाले. "एक सुतार, एक गिरणीवाला. दोघांना खरं सांगितलं. दोघंही उठून गेले. मग तुम्ही आलात. हिला रात्री कळा यायच्या, रडायची. म्हटलं, या वेळी नाही बोलायचं."

लोहारणीने घण खाली टेकवला. त्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवले. तिला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून अधिकच राग आला.

"दोघांना सांगितलंत, मग तिसऱ्यालाही सांगायचं. चौथ्यालाही. आमच्या घरात रडायला कुणी नाही, असं वाटलं का तुम्हाला?"

"चुकलं माझं. पण पैसे परत कुठून देऊ? ते या घरात गेले."

"पैसे कुणी मागितले? ते घर तुम्ही पुन्हा विका. आमच्या वतीने. गिऱ्हाईक आलं की तुम्ही समोर उभं राहायचं आणि मला जे सांगायला हवं होतं ते त्याला सांगायचं. तुमच्या तोंडाने."

"सांगितलं तर घेईल कोण?"

"ते मी बघते," लोहारीण म्हणाली. घण मारता मारता माणसाचं डोकं रिकामं असतं असं कुणी समजू नये. बाकीच्यांना आवाज करायला जागा हवी, म्हणून ते उठून जातात. पण ज्याला आवाजच नको आहे, त्याचं काय? हे तिच्या डोक्यात उन्हात बसल्या बसल्या शिजत होतं.

ती दवाखान्यात गेली. मागच्या खिडकीजवळच्या पलंगावर तो मुलगा झोपला होता, ओठावर मिशीची कोवळी रेघ. आई खाली जमिनीवर बसली होती. लोहारणीला बघताच ती दचकून उठली.

"आता मारत नाही मी इथे," लोहारीण कुजबुजली. "एक विचारायला आले. बरा झाला म्हणजे कुठे नेणार याला?"

"तोच घोर आहे, ताई. घर हमरस्त्यावर आहे आमचं. ट्रकचे भोंगे वाजले की झटका. नेतो आणि आठवड्यात परत आणतो. हे म्हणतात, ते घर विकू आणि दुसरं बघू, पण आवाज नाही असं घर जगात आहे कुठे?"

ठरल्या दिवशी आई आणि मुलाचे वडील घर बघायला आले. लोहार होता, लोहारीण होती, सासू विझलेल्या भट्टीजवळ बसली होती. साहेब दाढी करून आले होते. पडवीच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी भिंतीवर हात ठेवला.

"भिंती चांगल्या जाड आहेत," ते म्हणाले.

लोहारीण खाकरली.

"काय म्हणतोय?" सासू ओरडली.

"अजून काही म्हणाले नाहीत, आई!"

साहेबांनी भिंतीवरचा हात काढला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "एक सांगायचं आहे. हे घर शांत वस्तीत येतं. इथे कुठलाही आवाजाचा धंदा करता येत नाही. हे मला ठाऊक होतं. यांना विकताना मी सांगितलं नाही. लपवलं."

मुलाच्या आईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे आम्हालाच नाही, की कुणालाच नाही?"

"कुणालाच नाही. शेजारी चक्की होती, ती मी स्वतः खटपट करून उठवली."

"पुढेही कुणी घालणार नाही?"

"नाही. नियमच आहे तसा."

बाई पडवीतून अंगणात गेली, विहिरीपाशी उभी राहिली आणि कान देऊन ऐकू लागली. कुठेतरी पानं हलत होती, बाकी काही नाही. तिने तोंडावर दोन्ही हात घेतले आणि तिचे खांदे हलायला लागले. नवरा तिच्याजवळ गेला. "हेच घ्यायचं," ती त्याला म्हणाली, "दुसरं बघायचं नाही."

साहेब तोंड उघडं ठेवून बघत होते. जे बोलायला त्यांना लाज वाटत होती, त्याच बोलण्यावर घर विकलं गेलं होतं. "हे आधी सुचलं असतं तर," ते पुटपुटले.

"सुचायला आधी सांगावं लागतं, साहेब," लोहारीण म्हणाली.

पैसे हातात आले आणि जागेचा शोध पुन्हा सुरू झाला. फार लांब जावं लागलं नाही. बाजारगल्लीत, ते बसत होते त्याच्याच मागे, बैलगाड्या ठेवायची एक जुनी शाळ रिकामी होती. छप्पर ठीक, जमीन घट्ट. लोहारीण कचेरीत जाऊन विचारून आली. डावीकडच्या दुकानदाराला विचारलं, उजवीकडच्याला विचारलं. मग मालकाला म्हणाली, "सौद्याच्या आधी इथे ऐरण ठेवून एक घाव घालणार. कुणाची हरकत निघाली तर ती आजच निघू दे."

सासूला हे सांगितलं तेव्हा म्हातारी भडकली. "जागा आपली झाल्याशिवाय? माझ्या सासूने सांगितलंय!"

"तुमच्या सासूला कंपाउंडर भेटला नव्हता, आई!"

म्हातारीने बराच वेळ बोळकं हलवलं. मग उठली आणि भात्याजवळ जाऊन बसली.

या नव्या जागेच्या दारातून समोरच कंपाउंडरसाहेबांची ओसरी दिसत होती. लोहारीण रस्ता ओलांडून गेली. साहेब पेपर वाचत होते, बाई शेजारी बसली होती.

"साहेब, समोरची शाळ आम्ही घेतोय. तुम्हाला आधीच सांगून ठेवते. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत घण चालेल. सुगीत सुट्टी नाही. वारा इकडचाच आहे, धूर तुमच्या ओसरीत येईल. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसेल. आणि आमची म्हातारी काय बोलते ते तुम्हाला रोज ऐकावं लागेल."

साहेबांनी पेपर खाली ठेवला. "आता हे मला कशाला सांगता? मी काय तुम्हाला अडवणार आहे?"

"अडवायचं तर आज अडवा. नंतर म्हणू नका, बोलली नाही."

साहेबांनी मान खाली घातली. बाईने या वेळी चहा टाकायला उठायचं नाव घेतलं नाही.

"हरकत नाही," साहेब म्हणाले. मग लोहारणीकडे बघून पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने, "माझी हरकत नाही."

"काय म्हणतोय?" पलीकडून सासू ओरडली.

"हरकत नाही म्हणतात, आई!"

"मग घाल की गं!"

लोहारीण रस्ता ओलांडून परत आली. लोहाराने सांडशीत तापलेला विळा ऐरणीवर धरला होता. सौदा अजून झालेला नव्हता. तिने घण उचलला आणि घाव घातला.